घरात कुणी नसल्यासारखं

नेदरलँड्समधल्या वेल्डहोवन गावात मराठी बाईला अडचण आली की ती पहिला फोन नवऱ्याला करते, तो मीटिंगमध्ये असतो. दुसरा फोन भारतात आईला करते, आणि आई बिचारी लांबून काळजी करण्यापलीकडे काही करू शकत नाही. तिसरा फोन वृंदा देवस्थळीला जातो, आणि वृंदा तो उचलते. मुलाला ताप आहे आणि इथला डॉक्टर नेहमीप्रमाणे गोळी घ्या, भरपूर पाणी प्या म्हणून वाटेला लावतो आहे, तर त्याला नेमकं काय सांगितलं म्हणजे तो बघायला बोलावेल, हे वृंदाला ठाऊक असतं. नगरपालिकेचं पत्र आलं तर ते घाबरण्यासारखं आहे की नुसतंच लांबलचक आहे, हेही ती पहिल्या दोन ओळींत सांगते.

प्रतापच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नोकरीमागे ती इथे आली तेव्हा हिमानी पाळण्यात होती. आइंडहोवनच्या आसपास जे चिप बनवायच्या यंत्रांचं विश्व आहे, त्यात प्रताप काम करतो. काय करतो ते तो दर गणपतीत नव्या मंडळींना समजावून सांगतो आणि कुणालाही कळत नाही. वृंदा पुण्यात ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. इथे आल्यावर काही वर्षं घरी बसून कंटाळली, मग डच शिकली आणि गावच्या ग्रंथालयात आठवड्यातून तीन दिवस काउंटरवर बसू लागली. तिचं डच व्याकरणात चुकतं, ठसक्यात चुकत नाही. पुस्तक उशिरा आणणारे सहा फुटी डच बाप्ये तिच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखे उभे राहतात.

लोक तिला मानतात त्याचं कारण मात्र वेगळं आहे. वृंदाच्या पोटात गोष्ट राहते. कुणाची नोकरी डळमळीत आहे, कुणाचं सासूशी पटत नाही, कुणाला तिसऱ्यांदा गर्भपात झाला, हे सगळं तिला माहीत असतं आणि एकीकडचं दुसरीकडे होत नाही. तिला स्वतःलाही त्याचा अभिमान होता. म्हणजे सांगायची ती फक्त वसुधाला. वसुधा तिची धाकटी बहीण, कोथरूडला राहते. आता वसुधाला सांगणं हे काही सांगणं नव्हे, असं वृंदाचं मत होतं. हजारो मैलांवरच्या सख्ख्या बहिणीशी बोलणं म्हणजे मोठ्याने विचार करणं, एवढंच.

एक व्यसन तिला होतं, आणि ते ती कुणापासून लपवत नव्हती. एका बंगल्यात नट-नट्या आणि काही उपटसुंभ कोंडून ठेवायचे, चोवीस तास कॅमेरे लावायचे, आणि दर आठवड्याला एकाला बाहेर काढायचं, असा तो मराठी कार्यक्रम. प्रतापने त्याला नाव ठेवलं होतं कोंडवाडा, आणि घरात तेच रुळलं. भारतात रात्री लागणारा कोंडवाडा इथे बरोबर स्वयंपाकाच्या वेळेला येतो. वृंदा चहाच्या डब्याला टॅबलेट टेकवून ठेवायची, हात कणकेत, आणि शेजारी फोनच्या स्पीकरवर वसुधा. दोघी बहिणी दोन देशांत बसून एकच भांडण बघायच्या.

"ताई, ही गेम खेळतेय बघ."

"गेम कसली, नुसतं फुटेज खातेय. हिचा खरा चेहरा आता बाहेर येईल."

असं चालायचं. हळूहळू असं झालं की कार्यक्रम संपला तरी भाषा संपेना. मंडळाच्या कार्यकारिणीत कोण गेम खेळतं, हळदीकुंकवाला कोण फुटेज खातं, कुणाला नॉमिनेट करायला हवं, हे दोघी कणीक मळून होईपर्यंत ठरवून टाकायच्या. वसुधा या माणसांपैकी निम्म्यांना भेटलीही नव्हती, पण तिची मतं पक्की होती.

हे सगळं चालायचं तेव्हा हिमानी त्याच खोलीत असायची. इथल्या घरांना स्वयंपाकघर असं वेगळं नसतंच, ओटा इकडे आणि जेवणाचं टेबल तिकडे. हिमानी टेबलावर शाळेचा अभ्यास पसरून, कानात इयरफोन घालून बसलेली असायची. ती आता पंधरा वर्षांची. तिला मराठी यावं म्हणून वृंदाने काय नाही केलं. रविवारची मराठी शाळा केली, श्लोक केले, गोष्टी केल्या, मराठीत विचारल्याशिवाय आईस्क्रीम देणार नाही असंही करून पाहिलं. पोरगी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची, कंटाळली की डचमध्ये. शेवटी वृंदाने हात टेकले. पाहुण्यांना ती सांगायची, "समजतं तिला थोडंफार, पण बोलत नाही." आणि कधीतरी त्या थोडंफारचंही तिने मनातून काहीच नाही करून टाकलं. मुलीसमोर ती वसुधाशी बोलायची ते घरात कुणी नसल्यासारखं.

आता स्नेहलबद्दल सांगायला हवं. वृंदाला ओळखीचे शंभर लोक होते आणि मैत्रीण एक. स्नेहल दोन गल्ल्या सोडून राहायची, एका आयटी कंपनीत होती, मूळची मुलुंडची. कमी बोलणारी. तिची मुलगी अश्लेषा आणि हिमानी बालवाडीपासून एकत्र. रोज सकाळी बेकरीच्या कोपऱ्यावर अश्लेषा सायकल घेऊन उभी असायची, हिमानी नेहमीसारखी उशिरा पोचायची, आणि मग दोघी वारा अंगावर घेत शेजारी शेजारी पायडल मारत शाळेला जायच्या. अश्लेषा घरी मराठीच बोलायची, यावरून वृंदाला थोडी असूया वाटायची, पण तीही प्रेमाची.

जानेवारीतल्या एका रविवारी वृंदा आणि स्नेहल कालव्याकाठी फिरायला गेल्या होत्या. थंडी अशी की बोलताना तोंड वाकडं होत होतं. स्नेहलने चालता चालता सांगितलं की ऋषभने, तिच्या नवऱ्याने, युट्रेख्टला घर घेतलंय ते ऑफिस लांब पडतं म्हणून नाही. ते दोघं वेगळे होत आहेत. भांडण नाही, कुणी तिसरं नाही, फक्त संपलंय.

"अश्लेषाला अजून सांगितलं नाहीये. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं मिळून सांगणार आहोत, नीट समोर बसवून. तोवर बाबा ऑफिससाठी तिकडे आणि ही शनिवार-रविवार त्याच्याकडे, असंच चालू दे. तुला एकटीलाच सांगतेय गं."

वृंदाने तिचा हात धरला. घरी आणून आल्याचा चहा दिला, मुगाची खिचडी केली, दुपारभर ऐकून घेतलं. मनापासून ऐकलं, त्यात काही खोट नव्हती. पण दुपारभर दुसऱ्याचं दुःख ऐकून माणूस दमतं, आणि दमलेल्या माणसाला जरा वाईट बोलावंसं वाटतं. संध्याकाळी कोंडवाडा लागला. त्या दिवशी त्यात कुणीतरी ढसाढसा रडत होतं, वसुधा म्हणाली सगळं सहानुभूतीसाठी चाललंय, आणि त्यावरून वृंदाचीही गाडी घसरली. ती काय बोलली ते दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षातही नव्हतं.

मार्चमध्ये बेकरीच्या कोपऱ्यावरची सायकल दिसेनाशी झाली. वृंदाने विचारलं तेव्हा हिमानीने खांदे उडवले आणि इंग्रजीत सांगितलं की अश्लेषा हल्ली फार नाटकं करते. वृंदाने मनावर घेतलं नाही. पंधराव्या वर्षी मैत्रिणी रुसतात आणि आठवडाभरात गळ्यात गळे घालतात, तिने स्वतः मुलगी असताना आणि पुढे शिकवतानाही पाहिलं होतं. तिला जास्त काळजी होती ती हिमानीच्या वागण्याची. पोरगी आरशासमोर भुवया उंचावून स्वतःशी बोलायची. कुणाला लागेल असं बोलून झालं की वर म्हणायची, मी फक्त प्रामाणिक आहे. हिमानी-अश्लेषा धरून वर्गातल्या पाचजणींचा एक कंपू झाला होता आणि त्या सगळ्या कुठल्याशा बेटावरचा डच कार्यक्रम बघायच्या, त्यातही माणसं एकमेकांना बाहेर काढत असत. वृंदाला तो कार्यक्रम बिलकूल आवडायचा नाही. कोंडवाड्यात माणसं निदान अंगभर कपडे घालून भांडतात, असं ती म्हणायची.

त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी स्नेहल न कळवता आली. इथे राहून राहून आपल्या लोकांनाही आधी मेसेज टाकल्याशिवाय कुणाच्या दारात न जाण्याची सवय लागली आहे, म्हणून दारात तिला बघितल्याबरोबर वृंदाला धस्स झालं. स्नेहल बसली नाही. तिने फोन काढून एक व्हिडिओ लावला आणि वृंदाच्या हातात दिला.

शाळेचा सायकलस्टँड होता. एक प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर हिमानी, चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. ती डचमध्ये बोलत होती, शांत, सावकाश, मधे एकदा खाली बघून उसासा टाकत. अश्लेषाविरुद्ध माझ्या मनात काही नाही, पण मला प्रामाणिक राहायचंय, असं ती म्हणाली. तिचे आईबाबा घटस्फोट घेताहेत आणि सगळ्यांना सांगतात ऑफिस लांब आहे. त्या दोघी मायलेकी आपलं दुःख लोकांना दाखवत फिरतात. अश्लेषा रडते ते सगळ्यांनी बघावं म्हणून. माझं मत आहे की तिने जावं. मागे कुणीतरी हसलं आणि व्हिडिओ संपला.

स्नेहलने समजावून सांगितलं. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर पाचजणी त्या खुर्चीवर पाळीपाळीने बसतात, कुणाला काढायचं ते फोनसमोर कारण देऊन सांगतात. जिला जास्त मतं पडतात तिच्याशी आठवडाभर कुणी बोलत नाही. हा व्हिडिओ मात्र पाचजणींत राहिला नाही, वर्गभर गेला.

"अश्लेषाला आईबाबांचं ह्यातून कळलं," स्नेहल म्हणाली. "मी विचारलं काय झालं, तर तिने काही न बोलता हे माझ्यासमोर धरलं."

वृंदाने व्हिडिओ पुन्हा लावला. तिच्या मुलीचा चेहरा होता तो, जावळ काढल्यापासून तिने रोज धुतलेला, पुसलेला. तिला लाज वाटली आणि संताप आला.

"हिमानीला कुणी सांगितलं असेल गं?" स्नेहलने विचारलं. "ऋषभ आणि मी सोडून फक्त तुला माहीत होतं."

"माझ्याकडून नाही गेलं, स्नेहल. शपथ घेऊन सांगते, इथे मी एका शब्दाने कुणाजवळ बोलले नाही." वृंदा हे अगदी खरेपणाने म्हणाली. "पोरांना वास लागतो बघ. आणि ते बेटावरचं बघून बघून डोकी फिरली आहेत त्यांची. आज येऊ दे तिला घरी."

"तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे," स्नेहल म्हणाली. "उगाच विचारलं. रागावू नकोस."

ती चहा न घेता गेली.

हिमानी आली तेव्हा वृंदा तयारच होती. तिने पोरीला टेबलाशी बसवलं, फोन पुढ्यात ठेवायला लावला, आणि वीस मिनिटं ऐकवलं. ते बेटावरचं उद्यापासून बंद. त्या बाकीच्या तिघींबरोबर हिंडणं बंद. माणसाला बाहेर काढणं हा काय खेळ आहे का. कुणाच्या घरात असं काही घडत असताना ते चव्हाट्यावर मांडायचं, हे कुठे शिकलीस तू, आमच्या घरात तर असलं कधी कुणी केलं नाही. हिमानी टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत होती. एकदा तिने डचमध्ये म्हटलं, राहू दे आई.

"राहू दे काय? कुणी सांगितलं तुला स्नेहल मावशीचं?"

हिमानीने पेन्सिल उचलून बोटांत फिरवली.

"अश्लेषाला तर माहीत नव्हतं. मग तुला कुणी सांगितलं?"

मग हिमानीने मान वर केली आणि बोलली. मराठीत बोलली.

"खरं सांगू का वसू, नवरा सोडून चाललाय त्याचं दुःख आहेच तिला. नाही कुठे म्हणतेय मी. पण ते मिरवायलाही आवडतं गं. आणि पोरगी आईच्या वर. डोळ्यांत पाणी आणायचं आणि सगळ्यांच्या मधोमध उभं राहायचं. मी त्या घरात असते ना, तर पहिल्याच आठवड्यात दोघींना नॉमिनेट केलं असतं."

एक शब्द अडखळला नाही. वसू म्हणताना वृंदा ज्या जागी श्वास घेते तिथे श्वास, मिरवायला म्हणताना जसा हेल काढते तसा हेल. कणकेचा हात झटकल्याची खूणही हिमानीने केली, बहुधा नकळत. लेकीच्या तोंडची जी मराठी ऐकायला वृंदा इतकी वर्षं आसुसली होती, ती अशी तिच्यापुढे आली.

डच व्हिडिओत ही वाक्यं वृंदाने स्वतःच्या कानांनी ऐकली होती आणि तिला ती परकी वाटली होती.

"तुला कळतं सगळं," ती म्हणाली.

"नेहमीच कळतं." हिमानी आता आपल्या नेहमीच्या खिचडीत बोलू लागली, थोडं मराठी, थोडं इंग्रजी. "मी एकाच कानात घालते इयरफोन. तुम्ही दोघी फनी असता."

मग तिने बाकीचं सांगितलं. त्या शुक्रवारी तिला स्वतःलाच बाहेर काढणार होते, तिला ते कळलं होतं. काहीतरी मोठं बोलल्याशिवाय वाचता येत नाही. "तूच म्हणतेस ना आई, जी गप्प बसते ती पहिली जाते." आणि ती वाईट वागतेय असं तिला वाटलंच नव्हतं. असं बोलणारीला सगळे धीट म्हणतात, खरी म्हणतात, लोक मतं देतात. "आणि शेवटच्या एपिसोडला सगळे परत येतातच. बाहेर गेलेले पण. मिठ्या मारतात. ते बघून तू दर वर्षी रडतेस. मला वाटलं अश्लेषा पण येईल परत." इथे तिचा आवाज फुटला. "ती येतच नाहीये. ती माझ्याकडे बघत पण नाही."

वृंदाने तिला जवळ घेतलं. लहानपणी घ्यायची तसं, डोकं पोटाशी.

"अश्लेषाने विचारलं होतं, तुला कसं कळलं," हिमानी म्हणाली. "मी म्हटलं, मीच गेस केलं. तुझं नाव नाही सांगितलं मी."

हे वृंदाला सगळ्यांत जास्त लागलं. पोरीने आईला पाठीशी घातलं होतं. आता काहीच कबूल करायची गरज नव्हती, हेही वृंदाच्या चटकन लक्षात आलं, कारण ती हुशार बाई आहे. स्नेहलचा तिच्यावर विश्वास होता, आत्ता तासापूर्वी ती तो बोलून दाखवून गेली होती. हिमानीला न्यायचं, तिला माफी मागायला लावायची, पोरं ती पोरं म्हणायचं, आणि रविवारी पुन्हा कालव्याकाठी फिरायला जायचं. स्नेहल गेली तर या देशात वृंदाला शंभर ओळखी उरतील आणि मैत्रीण एकही नाही. तिने हे सगळं नीट पाहिलं. आणि हिमानीच्या डोक्यावर हात ठेवून ती बसली होती, म्हणून तिला दुसरंही दिसत होतं, की पोरगी आत्ता तिच्याकडे बघते आहे आणि आई पुढे काय करते ते शिकते आहे.

"चल," ती म्हणाली. "दोघींनी जायचंय."

प्रताप तेवढ्यात कामावरून आला. त्याने दोघींचे चेहरे बघून विचारलं, मी येऊ का, वृंदा नको म्हणाली, आणि त्याने मुकाट्याने कुकर लावायला घेतला.

बाहेर अजून उजेड होता. दोघी सायकलवरून गेल्या, दोन गल्ल्यांचं ते अंतर, चालत गेलं तरी चाललं असतं. स्नेहलने दार उघडलं. इथल्या घरांत दार उघडलं की समोरच जिना असतो, त्याच्या मधल्या पायरीवर अश्लेषा गुडघे जवळ घेऊन बसली होती. वृंदाने बूटही काढले नाहीत. बूट काढले तर धीर जाईल असं तिला वाटलं.

"स्नेहल, हिमानीला माझ्याकडून कळलं," ती म्हणाली. "मी वसुधाला फोनवर सांगितलं. हिमानी तिथेच होती. तिला मराठी कळत नाही असं धरून चालले मी. आणि दुपारी तुला म्हटलं ना, माझ्याकडून गेलं नाही, ते मला खरंच वाटत होतं. पण ते खरं नव्हतं."

स्नेहलने दाराची कडी धरून ठेवली होती.

"म्हणजे वसुधालाही माहीत आहे."

"हो."

"गेल्या वर्षी ती आली होती तेव्हा मी तिला ट्युलिपच्या बागा दाखवायला घेऊन गेले होते," स्नेहल म्हणाली. मग विचारलं, "हिमानी जे बोलली, तेही तुझंच?"

"हो."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू जसं म्हणालीस तसं. डचमध्ये मला ते नीट कळलं नाही."

वृंदाने हिमानीकडे पाहिलं, मग अश्लेषाकडे. पोरींसमोर नको असं तिच्या तोंडावर आलं होतं, ते तिने गिळलं. तिने सगळं सांगितलं, दुःख मिरवणं, डोळ्यांत पाणी आणणं, मधोमध उभं राहणं. नॉमिनेटही सांगितलं. घरी कणीक मळताना सहज निघून गेलेलं ते वाक्य या दारात उभं राहून संपता संपेना. सांगून झाल्यावर तिला रडू आलं, आणि आता रडलं तर तेही दाखवायला होईल असं वाटून तिने ते आवरलं.

"मीही बघते तो कार्यक्रम," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रोज बघते. पण मी तुला त्यात कधी घातलं नाही, वृंदा."



हिमानी जिन्यापाशी गेली. दोन पायऱ्या चढून थांबली, तिसरीवर पाय ठेवायचा तिला धीर झाला नाही. ती डचमध्ये काहीतरी पुटपुटली, सॉरी वगैरे. अश्लेषाने मान हलवली नाही.

"मराठीत बोल," अश्लेषा म्हणाली. "तुला येतं. आत्ता कळलं मला."

हिमानीने ओठ ओले केले. "मी चुकले. मला भीती वाटत होती, त्या मला काढणार होत्या. म्हणून तुझं नाव घेतलं."

"मी दाखवायला रडते, असं वाटतं तुला?"

"नाही."

"मग का म्हणालीस?"

"ते ऐकायला भारी वाटायचं. आईचं ते सेंटेन्स." हिमानीने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "तुला लागेल हे मला माहीत होतं. म्हणूनच म्हटलं. सॉरी."

अश्लेषा तिच्याकडे बघत राहिली. शुक्रवारपासून पहिल्यांदाच बघत होती. तिचे डोळे भरले आणि ते लपवायला तिने तोंड फिरवलं नाही. मग तिने गुडघ्यांत हनुवटी रोवली. तिच्याकडून आणखी काही येईल असं दिसेना.

थांबण्यात अर्थ नव्हता. स्नेहल बसा म्हणाली नव्हती आणि म्हणणारही नव्हती. वृंदाने हिमानीच्या पाठीला हात लावला. हिमानी दोन पायऱ्या उतरली, दारापर्यंत आली आणि वळली. एरवी या घरातून निघताना ती डचमध्ये डूई, म्हणजे टाटा, असं ओरडून सुटायची. आज तिने मराठी शब्द शोधला.

"जाते मी," ती म्हणाली.



"जाते नाही म्हणायचं," अश्लेषा म्हणाली. ती अजून गुडघ्यांकडेच बघत होती. "येते म्हणायचं असतं."

"येते," हिमानी म्हणाली, आणि धावत जाऊन सायकलचं कुलूप काढू लागली.

वृंदा दारापाशी जरा रेंगाळली, तिलाही कुणी तेवढं म्हणायला सांगेल म्हणून. स्नेहलने दार हळूच लावून घेतलं.